सनातन व्याख्या कोणती?

विवाहाची व्याख्या सनातन आहे, कायद्याने तिला स्पर्श करू नये, असा घोष करणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. पोर्तुगीज अमदानीतील १८६७ च्या नागरी संहितेने विवाहास करार मानले आणि सर्वसाधारण रीतीने संपत्तीत पत्नीला निम्मा वाटा दिला. त्याने कोणाचा संसार बुडाला?

परंतु ही संहिता समतेचा आदर्श म्हणून मिरविणाऱ्यांनीही १८८० चा हुकूमनामा वाचावा. पत्नीला पंचविशीपर्यंत अपत्यच झाले नाही, किंवा तिशीपर्यंत पुत्र झाला नाही, तर हिंदू पुरुषाला दुसरी पत्नी करण्याची मुभा त्याने दिली. कारण काय, तर रूढीचा मान! पुत्रहीन पतीचे काय करावे, हे मात्र हुकूमनाम्याला सुचले नाही. ही रूढी ठरविताना त्या पंचविशीतल्या स्त्रीला कोणी विचारले होते?