फाळक्यांची माणसे धावत नव्हती

१/ दादासाहेब फाळके यांच्या मूकपटांचे तुकडे आज मोबाइलवर पाहिले, की राजा, ऋषी, सेवक सारेच लगबगीने धावताना दिसतात. पाहणारा हसतो आणि ‘जुना सिनेमा असाच असायचा’ असे मानून पुढे जातो. पण ही घाई बहुतांशी फाळक्यांची नाही. ती नंतरच्या रूपांतराची आहे.

२/ त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. तो हँडल फिरवून चाले. त्या काळच्या प्रचलित पद्धतीत एका फेऱ्यात आठ फ्रेम टिपल्या जात. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सुमारे १६ फ्रेम. हात माणसाचा असल्याने वेग थोडा कमीजास्त होई.

३/ पुढे बोलपट आला आणि फिल्मच्या कडेला ध्वनीची पट्टी आली. वेग बदलला की आवाजाची पट्टीही बदले. म्हणून सेकंदाला २४ फ्रेम हे प्रमाण रूढ झाले. १६च्या वेगाने टिपलेले दृश्य २४ने दाखवले, की चाल दीडपट होते.

४/ ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) लांबी ३,७०० फूट. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम मावतात. १६च्या वेगाने हा चित्रपट ६१ मिनिटे ४० सेकंद चालतो; २४च्या वेगाने जेमतेम ४१ मिनिटे. अनेक ठिकाणी त्याचा अवधी सुमारे ४० मिनिटे दिलेला असतो. तो आकडा बोलपटाच्या वेगाशी जुळतो, मूकपटाच्या नव्हे.

५/ ‘हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी चित्रनिर्मिती नाशिकला हलवली. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी बालकृष्ण झाली. तिचे हावभाव दीडपट वेगाने पाहिले, तर अभिनय लोपतो आणि धांदल तेवढी उरते.

६/ आजच्या संपादन-सॉफ्टवेअरमध्ये १६चे २४ करण्याचे मुख्य मार्ग तीन. दर दोन फ्रेमपैकी एक पुन्हा दाखवणे: वेग खरा राहतो, हालचाल किंचित अडखळते. शेजारच्या दोन फ्रेम एकमेकींत मिसळणे: कडा धूसर होतात. ‘ऑप्टिकल फ्लो’: मधली फ्रेम अंदाजाने नवी घडवणे.

७/ तिसरा मार्ग सर्वांत देखणा आणि इतिहासासाठी सर्वांत धोकादायक. सेकंदाला ६० फ्रेमच्या गुळगुळीत आवृत्तीत फाळक्यांच्या फ्रेम फार तर १६. उरलेल्या ४४ संगणकाच्या. शिलालेखातील पुसट अक्षरे कोणी स्वतःच्या अंदाजाने कोरून काढली, तर त्यास जतन म्हणता येत नाही.

८/ गुळगुळीत चित्रामुळे नवा प्रेक्षक मिळतो, हा युक्तिवाद खरा आहे. अशा आवृत्त्या जरूर असाव्यात. परंतु मूळ वेग कोणता मानला आणि फ्रेम वाढवल्या कशा, हे त्यांवर स्पष्ट लिहिलेले असावे. मूळ फ्रेमही जशाच्या तशा जपल्या जाव्यात. मूळ वेग नेमका ठाऊक नसेल, तर चालणाऱ्या माणसाची चाल नैसर्गिक वाटेपर्यंत तो जुळवावा आणि तो अंदाज आहे, हेही नोंदवावे.

९/ फ्रेम आणि काळ यांचे नाते फाळक्यांना पुरते उमगले होते. ‘हरिश्चंद्र’पूर्वीच त्यांनी ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपून रोपाची अनेक दिवसांची वाढ क्षणांत पडद्यावर दाखवली होती. तेथे काळ आकसला तो कलावंताच्या इच्छेने. त्यांच्या पात्रांना आज धावायला लावणारा मात्र सॉफ्टवेअरमधला एक न तपासलेला आकडा आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तो आधी तपासावा.