उसाचा मद्यार्क आणि आपले पाणी

खनिज तेलास पर्याय म्हणून उसाच्या मद्यार्काची, म्हणजे हल्ली ज्यास इथेनॉल म्हणतात त्याची, महती आज सर्वत्र गायिली जात आहे. ही कल्पना नवी नव्हे. इंधनी मद्यार्काविषयीचा कायदा आपल्या देशात १९४८ सालीच झाला होता. पुढे २००३ साली काही राज्यांत पेट्रोलमध्ये शेकडा ५ या प्रमाणाने मद्यार्क मिसळण्यास प्रारंभ झाला. २०२२ साली हे प्रमाण शेकडा १० वर गेले आणि २०२५ साली शेकडा २० चा पल्ला गाठला गेला. आपल्या गरजेपैकी शेकडा ८० हून अधिक खनिज तेल परदेशांतून येते, तेव्हा या उद्योगाचे मोल देशास आहेच. कारखान्यांसही साखरेखेरीज दुसरे उत्पन्न मिळून उसाची बिले चुकती करणे सुलभ झाले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. तथापि मद्यार्काच्या भरवशावर नव्या रानात उसाची लागण करावी, असा जो विचार बळावत आहे, त्यास आमचा स्पष्ट विरोध आहे.

हिशेबच मांडून पाहू. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर मद्यार्क निघतो. एकरी ४० टन ऊस धरला, तर २,८०० लिटर झाला. मद्यार्काची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असल्यामुळे, हा माल १,८५० लिटर पेट्रोलच्या जागी आला असे समजावे. आता पाण्याची बाजू. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे उसाच्या एक लिटर मद्यार्कामागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. म्हणजे एका एकरास ८० लाख लिटर! माणशी दररोज ५५ लिटर या मानाने एवढे पाणी ४०० माणसांस वर्षभर पुरेल. ज्या मराठवाड्यात उसाचे गाळप होते, त्यातीलच लातूर शहरास २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे विसरून कसे चालेल?

यावर ब्राझीलचे उदाहरण पुढे केले जाते. त्या देशाने तेलटंचाईच्या धक्क्यानंतर १९७५ साली मद्यार्काची योजना हाती घेतली व ती पुष्कळ यशस्वी केली, हे खरे. परंतु तेथील मुख्य ऊसप्रांतात, साओ पावलोत, ऊस बहुतांशी पावसावर पोसला जातो; आपला ऊस कालव्याच्या पाळीवर आणि विहिरीच्या तळावर पोसला जातो. शिवाय १९८९ च्या सुमारास तेथेही मद्यार्काची टंचाई पडली आणि मद्यार्कावर चालणाऱ्या मोटारींवरील लोकांचा विश्वास उडाला, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरा धोका धोरणाचा. २०२३ साली पाऊस कमी झाला. साखर अपुरी पडेल या भीतीने ७ डिसेंबर रोजी केंद्र सरकारने उसाच्या रसापासून मद्यार्क करण्यास मनाई केली. गळीत हंगाम तेव्हा सुरू झालेला होता. आठवड्याभरात हुकूम काहीसा सैल झाला, परंतु मर्यादा राहिलीच. ती पुढील हंगामासाठी २०२४ साली उठली. आडसाली ऊस शेतात १६ ते १८ महिने उभा असतो. सरकारी हुकूम एका दिवसात निघतो. अशा हुकमावर विसंबून लागण करणे शहाणपणाचे नव्हे.

‘उसाइतके खात्रीचे पीक दुसरे दाखवा’, असे आमचे बागाईतदार बंधू म्हणतील. त्यांचे म्हणणे रास्त आहे. उसाची खात्री पिकात नाही, खरेदीच्या हमीत आहे. म्हणून तीच हमी दुसऱ्या पिकांस मागावी. मक्यापासूनही मद्यार्क होतो, आणि २०२३-२४ पासून त्याचा वाटा पुष्कळच वाढला आहे. खरिपाचा मका बव्हंशी पावसावर येतो. कोंबड्यांच्या खाद्यास तो कमी पडू नये एवढी काळजी घेऊन आपल्या आसवन्यांनी तो सभासदांकडून ठरल्या भावाने घ्यावा.

सारांश, मळीचा मद्यार्क अवश्य करावा. तिच्यासाठी वेगळे पाणी लागत नाही. साखर अतोनात झाली असेल त्या वर्षी रसही वळवावा. परंतु नव्या लागणीस मद्यार्क हे कारण होऊ नये, आणि आहे तो ऊस ठिबकावर न्यावा. आणखी एक. उसाचा दर साखरेच्या उताऱ्यावर बांधलेला आहे. साखर पुरती न काढता मळीत सोडली, तर उतारा कागदावर घटतो. ती घट दर ठरविताना भरून दिली जाते किंवा नाही, याचा जाब प्रत्येक सभासदाने येत्या वार्षिक सभेत विचारावा. मद्यार्काचा नफा ज्याच्या पाण्यातून निघतो, त्याच्या पदरात तो पडला पाहिजे. आणि ते पाणी उरले, तरच हा धंदा उरेल.