काठीला चाकं असली तर?

आमच्या गल्लीत एक मावशी राहतात. वय ५५. लग्न झाल्यापासून वीस-बावीस वर्षं त्या ऊसतोडीला गेल्या. हंगाम आला की बिऱ्हाड गाडीत टाकायचं आणि कोल्हापूर-सांगलीची वाट धरायची. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. आता गुडघे पार गेलेत. दळण आणायचं तर वाटेत तीनदा बसावं लागतं.

गेल्या वर्षी अंगणात नातीची सायकल उभी होती. मावशी म्हणाल्या, "ताई, पोरगी व्हते तवा चालवायचे की मी!" मी मागून धरलं. आठवडाभरात त्या कुठंही न थांबता गिरणीपर्यंत जाऊ लागल्या. कारण साधं आहे. चालताना अंगाचा भार गुडघ्यांवर येतो, सायकलवर तो बराचसा सीटवर जातो.

पण गल्ली गप्प बसेल तर ना! "चालवत नाही म्हणते अन् सायकल बरी पळवते." एका कार्यालयात दाखल्यासाठी गेलो, तर तिथंही तेच. "सायकल चालवता? मग पाय धडच आहेत की." मावशींनी मान खाली घातली. मला मात्र राग आला. चष्मा लावून वाचणाऱ्याला कुणी म्हणतं का, की तुमचे डोळे चांगलेच आहेत?

२०१० साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी पार्किन्सनच्या एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. चार पावलं टाकणं त्याला मुश्कील, पण सायकल मात्र तो सहज चालवायचा. ब्रिटनमध्ये 'व्हील्स फॉर वेलबीइंग' ही संस्था सायकललाही चालण्याच्या आधाराचं साधन मानावं म्हणून झटते आहे.

आपल्याकडे केंद्राची वयोश्री योजना २०१७ मध्ये आली, राज्याची २०२४ मध्ये. पहिली साठीनंतर, दुसरी पासष्टीनंतर. त्यात काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा यांचा विचार आहे. दिव्यांगांना हातानं चालवायची तीनचाकीही सरकारी योजनेतून मिळते. पण थोडंफार चालणाऱ्या, पायडल मारू शकणाऱ्या, साठीच्या आतल्या बाईनं कुठं जायचं?

सायकल सगळ्यांनाच झेपेल असं नाही. आधी डॉक्टरांना विचारा. तोल जात असेल तर तीन चाकांचीच बरी. सीट फार खाली ठेवली तर गुडघ्यांवर उलट ताण येतो. आणि साडी असेल तर चेनकव्हर हवंच.

मैत्रिणींनो, शाळेत जाणाऱ्या मुली सायकलवर दिसल्या की आपल्याला कौतुक वाटतं. मग त्यांच्या आजीला पाहून हसू का यावं? घरात एखादी सायकल धूळ खात पडली असेल तर आजच हवा भरून आणा. मागून धरायला कुणीतरी लागतं, तेवढं आपण करूया. मावशी आता बाजारालाही एकट्या जातात. येताना माझी कोथिंबीर आणतात.