चार फुटांच्या बोळातले यंत्र

टोरांटोत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मागच्या सप्टेंबरात व्हिडिओ कॉल केला आणि मोबाइल फिरवत घराच्या बाजूचा बोळ दाखवला. त्याच्या आणि शेजाऱ्याच्या भिंतीत जेमतेम चार फूट अंतर. एका कडेला कचऱ्याचे डबे, खाली तळघराची बुटकी खिडकी, वर गॅसच्या फर्नेसचा धूर बाहेर सोडणारा पांढरा पाइप. ‘‘मामा, हीट पंप इथे बसवायचा म्हणतायत. तुला काय वाटतं?’’

मी डॉक्टर आहे, एसीचा तंत्रज्ञ नाही. पण दर आठवड्याला त्या बोळातून कचऱ्याचे डबे रस्त्यापर्यंत ओढत नेते ती माझी थोरली बहीण. ताई एकोणसत्तर वर्षांची आहे, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेते आणि तिची हाडे ठिसूळ झाल्याचे तपासणीत निघालेले आहे. त्यामुळे प्रश्न माझ्याही खात्यातला होता.

हीट पंप हे नाव आपल्याकडे नवे वाटते. यंत्र मात्र ओळखीचे आहे. आपला एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. तेच चक्र उलटे फिरवले की बाहेरच्या हवेतली उष्णता घरात येते. बाहेर उणे पंधरा असताना कसली उष्णता, असे कुणीही विचारेल. पण उणे पंधरा म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अडीचशेहून अधिक अंश वर. त्या हवेत उष्णता असते. ती उचलायला बाहेरच्या कॉइलमधला वायू हवेपेक्षाही थंड असावा लागतो, इतकेच. पूर्वीचे पंप अशा थंडीत हात टेकत. अतिथंड हवामानासाठी बनवलेल्या नव्या पंपांत वेग कमीजास्त करणारा इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असतो. आठ-दहा अंशांच्या हवेत एक युनिट विजेवर ते तीनेक युनिट उष्णता देतात, उणे पंधराला दोनच्या आसपास. साधा विजेचा हीटर नेहमी एकास एकच देतो. नॉर्वेतल्या सुमारे साठ टक्के घरांत हे पंप आहेत. अमेरिकेतल्या बर्फाळ मेन राज्याने २०२५ पर्यंत एक लाख पंप बसवायचे ठरवले होते, ते २०२३ मध्येच बसवून झाले. यंत्र थंडीत चालते की नाही, हा वाद आता जुना झाला.

आरोग्याच्या बाजूने मी या यंत्राच्या पक्षाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार थंड प्रदेशात घरातले तापमान अठरा अंशांखाली जाऊ नये. थंड खोलीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, दमेकऱ्यांची छाती भरते. आणि घर तापवायला घरातच काही जाळले, तर कार्बन मोनॉक्साइडची टांगती तलवार आलीच. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून अधिक ओढीने चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. काश्मीर-लडाखकडे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या पर्यटकांच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. हीट पंपात काहीही जळत नाही.

म्हणून माझा आक्षेप यंत्राला नव्हता, त्या बोळाला होता.

या यंत्राचा सगळा व्यवहार हवेशी आहे. मध्यम आकाराचे बाहेरचे युनिट मिनिटाला पन्नास घनमीटरच्या आसपास हवा खेचते आणि तेवढीच, अधिक थंड करून, समोर फेकते. आता बोळाचा हिशेब करा. रुंदी सव्वा मीटरच्या आत, लांबी दहा मीटर, जमिनीपासून अडीच मीटर उंचीपर्यंतची हवा धरली तर तीस घनमीटर. म्हणजे बोळातली सगळी हवा यंत्र एका मिनिटाच्या आत गिळणार. समोर चार फुटांवर शेजाऱ्याची भिंत. फेकलेली गार हवा तिच्यावर आपटून परत मागे वळते. गार हवा जड, त्यामुळे ती तळाशीच साठते आणि पुन्हा यंत्राच्याच तोंडी जाते. वेधशाळा उणे पंधरा सांगत असली, तरी त्या यंत्रापुरते बोळात उणे वीस झालेले असते. मग उष्णता कमी, बिल जास्त, आणि ‘हे असले पंप आपल्या थंडीत चालत नाहीत’ असा निष्कर्ष. दोष जागेचा, बदनामी यंत्राची. दवाखान्यातही हे आम्ही पाहतो. इन्शुलिनची बाटली उन्हात ठेवायची आणि औषध लागू पडत नाही म्हणून तक्रार करायची!

मागे अमुक सेंटिमीटर, समोर अमुक, वर अमुक मोकळे हवे, असा तक्ता प्रत्येक कंपनी यंत्रासोबत देते. मागची बाजू भिंतीपासून वीतभर अंतरावर चालते, पण समोरची बाजू बरीच मोकळी लागते. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात. बसवायला येणारा माणूस हा तक्ता ‘एवढं काय’ म्हणून बाजूला ठेवतो. औषधाचा डोस ‘साधारण’ चालत नाही, तसेच हेही. भाच्याला मी पहिली सूचना केली ती हीच: तक्ता मागून घे आणि टेप घेऊन स्वतः मोज.

माझी खरी काळजी वेगळी होती. गरम करण्याच्या चक्रात बाहेरच्या कॉइलवर हवेतला ओलावा गोठतो. हे दव फार कडक थंडीपेक्षा शून्याच्या आसपासच्या दमट दिवसांत जास्त साचते, कारण कडक थंडीतली हवा कोरडी असते. ते वितळवायला यंत्र अधूनमधून काही मिनिटे उलटे चालते आणि पाणी खाली सोडते. दमट दिवसाला हे पाणी कित्येक लिटर होते. जमिनीवर पडले की रात्रीत त्याची काच. त्या काचेवर वर भुरभुरीत बर्फ पडला की ती दिसतही नाही. आणि ताई डबे ओढत त्यावरूनच जाणार.

सरकारी रुग्णालयात मी मेडिसिनचा डॉक्टर. खुब्याचे हाड मोडलेली माणसे अस्थिरोगाच्या वॉर्डात असतात, पण शस्त्रक्रियेच्या फिटनेससाठी त्यांचे कागद माझ्याकडे येतात. आपल्याकडे ती ओल्या मोरीत पडलेली असतात, तिकडे बर्फावर, हाड तेच. साठी-सत्तरीत खुबा मोडला की नुसते हाड जोडून भागत नाही. अंथरुणाला खिळल्यावर न्यूमोनिया येतो, पायातल्या शिरांत गुठळ्या होतात, पाठीला जखमा होतात, आणि पुष्कळ जण पुन्हा पूर्वीसारखे आपल्या पायांनी चालत नाहीत. यंत्र जमिनीपासून दीड-दोन फूट उंच स्टँडवर असावे, म्हणजे साचलेल्या बर्फात ते बुडत नाही आणि खाली गोठणाऱ्या पाण्याला वाव राहतो. हे सगळे माहितीपत्रकात असते. पण ‘यंत्राखालून कुणी जाते-येते का’ हा प्रश्न त्यात ठळकपणे क्वचितच असतो. तो घरच्यांनीच विचारायचा.

तिसरी गोष्ट आवाजाची. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दोन भिंतींच्या फटीत तसे होत नाही. तो या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत वर चढतो, आणि वर बहुधा कुणाच्या तरी झोपण्याच्या खोलीची खिडकी असते. युरोपसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये रात्री घराबाहेरच्या आवाजाची सरासरी चाळीस डेसिबलपर्यंत असावी असे सुचवले. दिवसा कानाला न जाणवणारी घरघर रात्री झोप मोडते आणि रोज मोडलेली झोप रक्तदाबात उतरते. हा रक्तदाब कधी शेजाऱ्याचा असतो, कधी आपलाच. लाकडी सांगाडा असलेल्या भिंतीला ब्रॅकेटने यंत्र टांगले तर थरथर थेट उशीपर्यंत येते.

इंग्लंडमध्ये या विषयावर सरकारलाच नियम बदलावा लागला. वेगळ्या परवानगीशिवाय पंप बसवायचा तर तो शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर दूर हवा, अशी अट तिथे होती. दाटीवाटीच्या घरांच्या रांगांत ती पाळणे कठीण, म्हणून मे २०२५ मध्ये ती काढून टाकली. आवाजाची मर्यादा ठेवली. मला हा बदल योग्य वाटतो. फूटपट्टीपेक्षा कानावर काय पडते ते महत्त्वाचे. पण त्यातून एक गैरसमज पसरण्याची भीती आहे. हद्दीला लागून यंत्र ठेवायला कायद्याची हरकत नसणे आणि तिथे यंत्राला श्वास घेता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीचा कागद गार हवेला वळण लावत नाही.

ज्यांच्याकडे बाहेर जागाच नाही, त्यांनी काय करायचे? न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहनिर्माण प्राधिकरणाने यासाठी खिडकीत बसणारे, थंडीतही चालणारे पंप बनवून घेतले आणि २०२३ मध्ये क्वीन्समधल्या वुडसाइड हाउसेस या वसाहतीत आधी काही घरांत बसवून पाहिले. खिडकीच्या चौकटीवर खोगिरासारखे बसणारे हे यंत्र साध्या प्लगवर चालते. जागा नसेल तर यंत्र बदलावे. यंत्रासाठी जागेला खोटे मोठे समजू नये.

इथवर वाचून कुणी म्हणेल, टोरांटोच्या बोळाचे आम्हाला काय? मुले-नातवंडे तिकडे आहेत हे एक झाले. पण आपल्या इमारतींच्या डक्टमध्ये डोकावून बघा. सगळ्या मजल्यांचे एसी त्या अरुंद उभ्या फटीत तोंड करून टांगलेले. तिकडे गार हवा तळाशी साठते, इकडे गरम हवा वर चढते, आणि खालच्या प्रत्येक मजल्याची उष्णता वरच्याच्या यंत्राला मिळते. मे महिन्यात सर्वात वरच्या मजल्यावरचा एसी ‘गारच करत नाही’ याचे एक कारण हे असते.

आणि त्या फटीत दुरुस्तीला उतरतो तो माणूस. वीस-पंचवीस वर्षांचा पोरगा, एक पाय खिडकीच्या कठड्यावर, दुसरा शेजारच्या पाइपावर, कमरेला बहुतेक वेळा काहीच नाही. यातले जे पडतात त्यांचे कागदही फिटनेससाठी माझ्या टेबलावर येतात. टाचेचे हाड चुरलेले, कण्याचा मणका दबलेला. घरमालकाने जागा वाचवली, बिल्डरने चटईक्षेत्र वाचवले, आणि वाचवलेल्या त्या दोन-तीन फुटांची किंमत या पोराच्या कण्याने मोजली. इमारतीचा नकाशा मंजूर करताना एसीच्या बाहेरच्या युनिटला हवा खेळेल आणि माणसाला दोन्ही पायांवर उभे राहता येईल अशी जागा दाखवल्याशिवाय सही होता कामा नये, अशी माझी स्पष्ट मागणी आहे. जुन्या इमारतींत निदान सोसायटीने कमरेचा पट्टा आणि तो अडकवायला भिंतीत पक्की कडी ठेवावी. एका एसीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

भाच्याच्या घरी नंतर बरीच चर्चा झाली. परसातली जागा त्याच्या बायकोला वाफ्यांसाठी हवी होती. बसवणाऱ्याचे म्हणणे, मागे न्यायचे तर पाइप नऊ मीटरने वाढेल, पैसे वाढतील आणि थोडी क्षमताही घटेल. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तळघराच्या खिडकीचा मुद्दा मात्र कुणाच्या लक्षात आला नव्हता. नव्या यंत्रांतले काही वायू कमीअधिक ज्वालाग्राही आणि हवेपेक्षा जड असतात. गळती झाली तर ते खालच्या उघड्या भागाकडे सरकतात. शिवाय आग लागली तर तळघरातून बाहेर पडायची वाट तीच. शेवटी ताईनेच निकाल दिला. ‘‘वाफे दोन हात पुढे घ्या, माझी जायची वाट तेवढी सोडा.’’

ऑक्टोबरात यंत्र परसात, मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे, दोन फूट उंच लोखंडी स्टँडवर बसले. तोंड मोकळ्या अंगणाकडे. वर एक छोटे छप्पर, म्हणजे वळचणीचे पाणी आणि बर्फाचे सुळे त्यावर पडत नाहीत. जानेवारीत बाहेर उणे अठरा असताना मी ताईला फोन केला तेव्हा घरात एकवीस अंश होते आणि ती स्वेटर काढून बसली होती. यंत्राखाली बर्फाची एक मोठी ढेप झाली आहे म्हणाली. नातवाने तिच्याभोवती लाल फिती बांधलेल्या काठ्या रोवल्या आहेत.