बक्षीस कशाचं?

मंडळी, सध्या मुक्काम लेकीकडे, अमेरिकेत. न्यूयॉर्क म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंच इमारती येतात. पण ही राहते न्यूयॉर्क राज्यात, त्या शहरापासून तीनएक तास दूर, पेनसिल्वेनियाच्या सीमेलगत. घरामागे झाडी आहे आणि रात्री त्या झाडीतून कायोटींची कोल्हेकुई ऐकू येते. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचाच थोराड भाऊबंद. उंदीर, ससे, मेलेली जनावरं, पडलेली फळं, मिळेल ते खातो. पहिल्या रात्री मी दचकून उठून बसले होते. आता आवाज आला नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

गेल्या आठवड्यात नातू शाळेतून आला तो बातमी घेऊनच. वर्गातला एक मित्र काकांबरोबर सीमेपलीकडे, पेनसिल्वेनियात, कायोटी मारायच्या स्पर्धेला जाणार आहे. "आजी, सगळ्यात जड कायोटी आणेल त्याला पैसे मिळतात! बक्षीस मिळतं म्हणजे ते चांगलंच काम असेल ना?"

सदतीस वर्षं मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण इथे मी अडखळले.

मग लेकीला आणि जावईबापूंना विचारून माहिती घेतली. अशा स्पर्धा एक-दोन दिवस चालतात. प्रवेश फी भरायची, गट करायचे, जखमी सशाच्या किंवा पिल्लाच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवून कायोटीला जवळ बोलवायचं आणि गोळी घालायची. शेवटी सगळे मृतदेह तराजूवर. सर्वांत जड, सर्वांत जास्त, काही ठिकाणी तर सर्वांत लहान जनावरालाही बक्षीस. खोकडं, रॅकून यांच्याही स्पर्धा असतात. कित्येकदा बक्षीस वाटून झालं की ते देह टाकून दिले जातात. ना मांसासाठी, ना कातड्यासाठी. फक्त आकड्यासाठी!

मला माझीच एक फजिती आठवली. शाळेत स्वच्छता सप्ताह होता. जो वर्ग सर्वांत जास्त कागदाचे कपटे गोळा करेल त्याला मी बक्षीस जाहीर केलं. दोन दिवस मैदान लख्ख झालं. तिसऱ्या दिवशी बघते तर सहावीची मुलं वह्यांची पानं फाडून कपटे करताहेत! मुलांची काय चूक? मी बक्षीस स्वच्छतेला नव्हे, कपट्यांना लावलं होतं. आपण ज्याला बक्षीस देतो तेच मुलं शिकतात, बाकीचं आपलं भाषण फुकट जातं.

म्हणून अशा स्पर्धा कायद्याने बंद व्हाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये सुरुवात केली. मग व्हर्मॉन्ट, न्यू मेक्सिको, ॲरिझोना, मॅसॅच्युसेट्स, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, मेरिलँड, ओरेगन यांनीही कमीअधिक फरकाने बंदी आणली. न्यूयॉर्कच्या कायद्यावर डिसेंबर २०२३ मध्ये सही झाली आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून तो लागू झाला. मोडला तर ५०० ते २,००० डॉलर दंड. हरीण, टर्की आणि अस्वल त्यातून वगळलेत, म्हणजे कायदा अर्धामुर्धाच, पण आहे तरी. पेनसिल्वेनियात मात्र तोही नाही. लेकीच्या घरापासून गाडीने थोडं पुढे गेलं की गुन्ह्याचा खेळ होतो.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. शेतकरी म्हणतो, माझी कोकरं जातात. त्याचं नुकसान खरंच आहे. पण या कायद्याने शिकार बंद होत नाही. परवाना काढून हंगामात शिकार करता येते. बंद होते ती फक्त शर्यत. आणि शर्यतीत मेलेला कायोटी कोकरू नेणाराच होता कशावरून? प्राणिशास्त्रज्ञ तर सांगतात की कायोटी फार मारले की त्यांचे कळप फुटतात, उरलेल्या माद्या लवकर वितात आणि पिल्लंही जास्त जगतात. शंभर वर्षं त्यांना गोळ्या, सापळे, विष सगळं घालून झालं, तरी ते जवळजवळ साऱ्या अमेरिकेत पसरलेच.

कुणी म्हणेल, या स्पर्धांतून गावच्या अग्निशमन दलाला निधी मिळतो, माणसं एकत्र येतात, परंपरा आहे. परंपरेचं म्हणाल तर आपल्या राजेमहाराजांनीही वाघांचे आकडे मिरवलेच की! ते थांबायला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा यावा लागला. नुसत्या उपदेशाने नसतं थांबलं.

आणि एकत्र यायला दुसरी वाटही आहे, ती याच देशाने दाखवली आहे. पूर्वी इथे नाताळात दोन गट करून रानात जायचे आणि दिसेल तो पक्षी-प्राणी मारायचे. ज्याचा ढीग मोठा तो जिंकला. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने सुचवलं की तसंच जा, पण मारू नका, मोजा. त्या वर्षी २५ ठिकाणी मिळून २७ माणसांनी पक्षी मोजले. आज नाताळच्या या गणनेत दरवर्षी हजारो लोक भाग घेतात. तीच थंडी, तीच पहाट, तीच मित्रमंडळी. बदललं ते एवढंच, की मोजायचं काय.

रात्री नातवाला जवळ घेऊन कपट्यांची गोष्ट सांगितली. तो खूप हसला. मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे आजी, चूक तुझी होती. मुलांची नाही."

"हो रे बाबा, माझीच."

"मग माझ्या मित्राचीपण नाही."

नाहीच. दहा-अकरा वर्षांच्या पोराची चूक कशी असेल? बक्षीस कशाला लावायचं हे मोठी माणसं ठरवतात, आणि मोठ्यांना सांगायला कायदा लागतो.

असो. बाहेर बर्फ पडतंय आणि झाडीतून पुन्हा आवाज सुरू झालाय. तुम्हाला काय वाटतं, जरूर कळवा.