हिवतापाचा हिशेब आणि डास धरण्याची रीत

नमुना कसा घेतला हे ठाऊक नसेल तर सरासरीला अर्थ नाही, असे आम्ही संख्याशास्त्राच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगतो. हे तत्त्व डासांनाही लागू पडते. पावसाळ्याच्या तोंडावर गप्पी मासे, धूरफवारणी आणि ‘कोरडा दिवस’ यांच्या बातम्या रत्नागिरीतही छापून येतात. परंतु कोणता डास कोठे अंडी घालतो हे ज्या डासांवरून ठरविले, ते डास धरले कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

हिवताप पसरविते ती अॅनॉफेलिस डासाची मादी. रक्त प्यायल्यावर दोनतीन दिवसांत तिची अंडी पक्व होतात. ती पाण्यावर सुटी सुटी घालून ती पुन्हा रक्ताच्या शोधात निघते. रोग्याकडून तिच्या शरीरात आलेल्या हिवतापाच्या जंतूला दुसऱ्या माणसास बाधण्याजोगे होण्यास मात्र साधारण दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे जिची तीनचार वेळा अंडी घालून झाली आहेत, तीच खरी धोक्याची. अंडाशय सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिने पूर्वी अंडी घातली होती की नाही हे सांगता येते. फवारणी गुणकारी ठरली असेल तर अशा वयस्क माद्यांचे प्रमाण घटलेच पाहिजे.

आता धरण्याच्या रीती पाहा. सकाळी विजेरी घेऊन घरात, गोठ्यात जायचे आणि भिंतीवर विसावलेला डास नळीत ओढून घ्यायचा, ही आपल्याकडील जुनी पद्धत. तीत रक्त प्यालेल्या, अंडी पिकत आलेल्या माद्या मिळतात. रात्री टांगलेल्या प्रकाश-सापळ्यात येते ती बहुधा भुकेली मादी. अंडी घालण्यास निघालेली तीत क्वचितच. शिवाय सापळ्याच्या पंख्याने ओढली जाताना तिचे पंख-पाय दुखावतात, रात्रभराच्या वाऱ्याने ती सुकते. अशी मादी पुढे अंडी घालीलच असे नाही. उलट मरणपंथाला लागलेली अंडधारी मादी मिळेल त्या ओलाव्यावर अंडी टाकून मोकळी होते. प्रयोगशाळेत तर तिला ओल्या कागदाच्या अरुंद नळीत कोंडून मुद्दाम अंडी घालावयास लावतात. पुढील पिढी कीटकनाशकाला दाद देते की नाही हे तपासण्यास ही युक्ती उत्तम. मात्र मोकळी असती तर तिने कोणते पाणी पसंत केले असते, हे तीवरून कळत नाही. सावकाराच्या तगाद्यापायी विकलेल्या जमिनीवरून गावचा भाव ठरवू नये, त्यातलाच हा प्रकार.

१९४६ पासून डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली तत्कालीन मुंबई प्रांताने उत्तर कानडा व धारवाड जिल्ह्यांत डीडीटीची मोहीम चालविली. तेथील फ्लुव्हिएटिलिस डास झऱ्या-ओहोळांत अंडी घालणारा, पण घरागोठ्याच्या भिंतींवर विसावणारा. भिंती फवारल्या आणि हिवताप ओसरला. १९५३ चा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५८ ची निर्मूलन मोहीम याच धर्तीवर उभ्या राहिल्या. साठीच्या दशकाच्या मध्यास देशातील रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली. १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली. कारणे अनेक होती. त्यांतील एक असे की सारा भर खेड्यातील भिंतींवर होता. शहरांसाठी वेगळी योजना यावयास १९७१ साल उजाडले. वास्तविक मुंबईत स्टेफेन्सी डास विहिरींत वाढतो हे डॉ. बेंटली यांनी १९११ च्याच अहवालात दाखविले होते आणि विहिरी बंद करण्यावरून धर्मभावनेचा वादही झाला होता. पुढे ऐंशीच्या दशकात पणजीत व नंतर कांदोळी-कळंगुटकडे हिवताप उसळला, तेव्हा हाच स्टेफेन्सी बांधकामांवर साचविलेल्या पाण्यात सापडला.

रत्नागिरीचे रूप आता त्याच दिशेने बदलते आहे. गोठे ओस पडले, जांभ्याच्या घरांच्या जागी सदनिका आल्या. गच्चीवर टाक्या, स्लॅबवर वाफे करून साठविलेले पाणी, लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी आणि बांधकामावर परप्रांतांतून आलेला मजूर. प्रौढ स्टेफेन्सी शोधूनही मोठ्या मिनतवारीने हाती लागतो. अळ्या मात्र टाकीत डोकावताच दिसतात. गोठ्यातील तासाभराच्या शोधात काही मिळाले नाही, यावर विसंबून शहर निर्धोक ठरविणे म्हणजे बाजारात न येणाऱ्या मालाची टंचाई नाही असे मानणे होय. (आमच्या इमारतीच्या टाकीचे झाकण कोणाच्या खर्चाने बसवावे, यावर तीन सभा झाल्या. झाकण अद्याप नाही.)

२०३० पर्यंत हिवताप संपविण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. रुग्ण कमी होत जातील तसतसा धोक्याचा इशारा रुग्णांऐवजी डासांकडूनच घ्यावा लागेल. पण काटकसरीची पहिली कात्री नेमकी कीटक समाहारकाच्या पदावर चालेल, ही भीती मला वाटते. धूरफवारणीचे यंत्र मतदाराला दिसते, डास मोजणारा माणूस दिसत नाही. ते पद भरलेले ठेवावे, गोठ्याबरोबर टाक्या व बांधकामेही त्याच्या फेरीत घालावीत, आणि प्रत्येक नोंदीसमोर डास कोठे, किती वाजता व कोणत्या साधनाने धरला याचा रकाना असावा. एवढ्यास नवा विभाग लागत नाही. एक वही आणि ती वाचणारा अधिकारी पुरतो.