सॅम्युअल स्ट्रीटवर कोण जातो?

मुंबईत पायी हिंडून जुने शहर पाहण्याची हौस अलीकडे सुशिक्षितांत पुष्कळ वाढली आहे. ही हौस चांगलीच होय. शहराचा इतिहास ग्रंथालयात सापडतो तसा तो गल्लीच्या नावात आणि दारावरच्या शिळेतही सापडतो, व तेथे तो पायांनीच वाचावा लागतो. तेव्हा ह्या हौसेस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आमची तक्रार आहे ती ही पावले कोठे थांबतात ह्याविषयी. यहुद्यांची मुंबई दाखवावयाची म्हटली, की पाहुण्यांस बहुधा काळा घोड्याकडे नेतात. तेथे जेकब ससून ह्यांनी 1884 साली उभारलेले प्रार्थनामंदिर दाखवितात, डेव्हिड ससून ह्यांच्या नावाचे वाचनालय दाखवितात, फार तर भायखळ्याचे मागेन डेव्हिड दाखवितात. आणि येथे इतिहास आटोपतो.

ससून घराण्याचे ऋण कोणीही नाकारणार नाही. बगदादेहून 1832 च्या सुमारास आलेल्या ह्या कुटुंबाने अफू व कापूस ह्यांच्या व्यापारात अमाप पैसा मिळविला, आणि त्यातला बराचसा शाळा, इस्पितळे व वाचनालये ह्यांत खर्चिला. परंतु ह्या बगदादी मंडळींची घरची भाषा अरबी, पुढे इंग्रजी. त्यांचे लक्ष लंडनकडे. त्यांच्या आगमनापूर्वी कित्येक पिढ्या कोकणात नांदलेला, मराठी बोलणारा, शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ ह्या नावाने ओळखला जाणारा बेने इस्रायल समाज ह्याच मुंबईत राहात होता. तो ह्या फेरीत कोठे भेटतो?

तो भेटतो मशीद बंदराच्या रेल्वे स्टेशनाबाहेर. तेथून सॅम्युअल स्ट्रीटवर यावे. हातगाड्या, पोती आणि हमाल ह्यांच्या गर्दीत ‘शआर हारहमीम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’ हे मुंबईतील सर्वांत जुने यहुदी प्रार्थनामंदिर उभे आहे. सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे कंपनीच्या पलटणीतील अंमलदार. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले असता त्यांनी नवस केला, व सुटून आल्यावर 1796 साली तो फेडला, अशी परंपरा आहे. मंदिर हल्लीच्या जागी 1860 मध्ये आले. आसपासचे लोक त्यास ‘जुनी मशीद’ म्हणत, आणि स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. दिवेकर नावाच्या यहुद्याने बांधलेल्या देवळाला शेजाऱ्यांनी मशीद म्हणावे, ह्यात अज्ञान आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस त्यात शेजारधर्म दिसतो.

येथून पुढे चालत राहावे. तांतणपुऱ्यात 1840 चे शआरे रासोन आहे, उमरखाडीत 1888 चे एत्स हाईम आहे. माझगावला हाईम सॅम्युअल किहीमकर ह्यांनी 1875 साली सुरू केलेली इस्रायली शाळा आज सर एली कदूरी ह्यांच्या नावाने ओळखली जाते. ह्यांपैकी एकही ठिकाण दुसऱ्यापासून फार दूर नाही. अडचण अंतराची नव्हे. ह्या गल्ल्यांत संगमरवर नाही, एवढीच अडचण आहे.

आता नावे पाहा : दिवेकर, किहीमकर, राजपूरकर, अष्टमकर, चेऊलकर, पेणकर, रोहेकर. ही कोकणातल्या गावांची यादी आहे. मुंबईचे 1937 सालचे महापौर डॉ. इलायजा मोझेस हे राजपूरकर. वरळीकडे जाणारा त्यांच्या नावाचा रस्ता रोज हजारो मराठी माणसे तुडवितात, व मोझेस कोणी साहेब असावा असे समजतात. चित्रपटांतील डेव्हिड हे चेऊलकर, हेही किती जणांस ठाऊक आहे?

ह्याहून लाजिरवाणी गोष्ट आमच्या साहित्येतिहासांची आहे. जॉन विल्सन ह्यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत 1832 मध्ये छापले, ते ह्या समाजासाठी. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा 1874 साली पुण्यात मराठी भाषांतरासह निघाली, आणि तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्यात आयुष्य वेचले. त्याच शतकाच्या अखेरीस ह्या समाजाने बायबलातील आख्याने कीर्तनाच्या साच्यात रचिली व वाद्यांच्या साथीने गाइली. मराठी कीर्तनाचा असा विस्तार झाला असता त्याला आमच्या वाङ्मयाच्या इतिहासात एक स्वतंत्र प्रकरण मिळू नये? ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या गद्यावर प्रबंध होतात. ह्या मराठी यहुद्यांस तळटीपही मोठ्या मुष्किलीने मिळते.

ह्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा, की समाज तर 1948 नंतर बव्हंशी इस्रायलास गेला, आता थोडकी कुटुंबे उरली. मग पाहावयाचे काय? आमचे उलट विचारणे असे, की ससूनांचे कोण उरले आहे? जे बोलके होते ते गेले म्हणूनच गल्ल्या बोलक्या केल्या पाहिजेत. दुसरा आक्षेप अधिक वाईट : ते मूळचे परकेच, आपल्या देशी गेले. ज्यांस येथे आपण परके म्हणतो, त्यांच्या यहुदीपणाविषयी तेथील धर्मपीठाने शंका घेतली, आणि 1964 साली जेरुसलेमेत धरणे धरून त्यांस आपला समान हक्क मिळवावा लागला. त्याच देशात त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. परक्यांची ही रीत असते काय?

आम्ही नंदुरबारकडील माणसे ह्या बाबतीत थोडे अधिकाराने बोलू शकतो. आमच्या बाजारात भिली, पावरी, अहिराणी, गुजराती व मराठी एकाच वेळी ऐकू येतात. 9 सप्टेंबर 1942 रोजी आमच्या गावात गोळी झेलणारा शिरीषकुमार मेहता घरी गुजराती बोलत असे, म्हणून त्याला कोणी परका म्हटल्याचे आम्हांस स्मरत नाही. त्याचे स्मारक हे सर्व नंदुरबारचे स्मारक आहे. जो न्याय गुजराती बोलणाऱ्या शिरीषकुमारास आम्ही सहज लावतो, तो पिढ्यान्‌पिढ्या मराठीच बोलणाऱ्या किहीमकरांस लावताना महाराष्ट्र का अडखळतो? गुजराती घरातला मुलगा आपला, आणि मराठी घरातला यहुदी मात्र पाहुणा, हे तर्कशास्त्र आम्हांस समजत नाही.

महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये यहुद्यांस अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, हे योग्यच झाले. पण कागदावरचा दर्जा व मनातली जागा ह्या दोन गोष्टी होत. मनातली जागा द्यावयाची तर तीन गोष्टी लगेच करता येतील. यहुदी मुंबईची फेरी काळा घोड्याऐवजी मशीद स्टेशनापासून सुरू करावी, आणि ती मराठीतून व्हावी. आमच्या विद्यापीठांनी पुण्याची हग्गादा आणि बेने इस्रायलांची कीर्तने मराठीच्या अभ्यासक्रमात घ्यावी. आणि सुटीत मुलांस मुंबई दाखविणाऱ्या आईबापांनी गेटवेची एक दुपार वाचवून सॅम्युअल स्ट्रीटवर घालवावी. दुकानांची गर्दी पाहून परत फिरू नये.

श्रीमंतांचा इतिहास दगडात टिकतो. त्याला आमच्या मदतीची गरज नाही. तेल्याचा, शिपायाचा, कारकुनाचा आणि कीर्तनकाराचा इतिहास भाषेत टिकतो, आणि ती भाषा आमची आहे. तिच्या दाराशी आम्ही गेलो नाही, तर तेथे दुसरे कोणी जाणार नाही.